ब्रेक पॅडचा इशारा आणि गाडीमालकाची जबाबदारी

आपल्या समाजातील लहान-मोठे व्यापारी आणि कारागीर आज धंद्यासाठी मोठ्या प्रमाणावर स्वतःच्या गाडीवर अवलंबून आहेत. मालेगावचा कापडवाला नमुने घेऊन भिवंडीला जातो, इचलकरंजीचा यंत्रमागधारक सुताच्या व्यवहारासाठी सोलापूर गाठतो, चिपळूणचा दुकानदार कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला खरेदीला जातो. कुणाकडे ईको आहे, कुणाकडे वॅगनआर, कुणाकडे अर्टिगा. आठवडाभर तीच गाडी धंद्याला आणि जुम्याच्या दिवशी तीच गाडी बायका-मुलांना घेऊन नातेवाइकांकडे. गाडी ही आता दुकानाचाच एक भाग झाली आहे.

दुकानाचे कुलूप आपण रोज रात्री ओढून पाहतो. तराजू बरोबर आहे की नाही, गल्ला जुळतो की नाही, हे पाहिल्याशिवाय झोपत नाही. परंतु भरलेली गाडी घाटात थांबवण्याचे काम ज्या बोटभरही जाडी नसलेल्या थरावर सोपवलेले असते, तो थर शिल्लक किती आहे हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. हा थर संपत आला की गाडी स्वतः इशारा देते. तो इशारा कसा ओळखावा, तो कुठे मिळत नाही आणि तो मिळाल्यावर काय करावे, याची माहिती प्रत्येक गाडीमालकाने करून घेतली पाहिजे.

पॅड म्हणजे काय?

आजच्या बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती म्हणजे डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो आणि दोन्ही पॅड कॅलिपर नावाच्या पकडीत बसवलेले असतात. आपण पायाने ब्रेक दाबला की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरच्या पिस्टनवर येतो आणि दोन्ही पॅड डिस्कला चिमट्यासारखे धरतात. गाडीचा वेग घर्षणाने उष्णतेत बदलतो आणि गाडी थांबते.

पॅडचे दोन भाग असतात. एक लोखंडी पाठ आणि दुसरा तिच्यावर चिकटवलेला घर्षणाचा मसाला. नव्या पॅडवर हा मसाला साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की तो थोडा थोडा झिजतो. झिजणे हे त्याचे कामच आहे, कारण त्याने झिजावे आणि डिस्क टिकावी अशीच ही रचना केलेली आहे. मसाला ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलण्याची तयारी करावी. कंपनीच्या पुस्तिकेत अखेरची मर्यादा दिलेली असते, ती ओलांडू नये. मसाला पूर्ण संपला तर लोखंडी पाठ थेट डिस्कवर घासते. मग गाडी थांबायला जास्त अंतर घेते, डिस्कवर चरे पडतात आणि पॅडच्या एका संचात भागणारे काम डिस्कच्या जोडीपर्यंत जाते. खर्च तर वाढतोच, शिवाय जीवही धोक्यात येतो.

इशारा देण्याच्या चार पद्धती

पहिली पद्धत आवाजाची. पॅडच्या लोखंडी पाठीला स्प्रिंगच्या पोलादाची एक छोटी वाकवलेली पट्टी जोडलेली असते. मसाला भरपूर असतो तोवर ती डिस्कपासून दूर राहते. मसाला २-३ मिलिमीटरवर आला की तिचे टोक डिस्कला लागते आणि चाक फिरताना बारीक, तीक्ष्ण, शिट्टीसारखा किंचाळणारा आवाज येतो. काही गाड्यांत तो ब्रेक दाबल्यावर येतो, काहींत ब्रेक न दाबताही येत राहतो आणि दाबल्यावर बंद होतो. म्हणून 'ब्रेक दाबला की आवाज जातो, म्हणजे ब्रेक ठीक आहे' असा अर्थ कुणी काढू नये.

दुसरी पद्धत विजेच्या तारेची. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज यांसारख्या महाग गाड्यांमध्ये ती असते. आपल्या लोकांकडे आता अशा जुन्या गाड्याही विकत येऊ लागल्या आहेत, म्हणून ही माहिती उपयोगी पडेल. पॅडमध्ये तारेचा एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. पॅड ठरलेल्या जाडीपर्यंत झिजला की ही तार डिस्कला घासते, विजेचा मार्ग तुटतो आणि चालकासमोर दिवा लागतो. या दिव्याचे चिन्ह म्हणजे मधे एक वर्तुळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तुटक कंस. एकदा घासून तुटलेला सेन्सर पुन्हा उपयोगी पडत नाही. नव्या पॅडबरोबर नवा सेन्सर घ्यावाच लागतो.

तिसरी पद्धत ब्रेक ऑइलच्या पातळीची. पॅड जसजसे झिजतात तसतसा कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्यामागची जागा भरण्यासाठी डबीतले ऑइल खाली जाते. म्हणजे बॉनेटखालची ती पारदर्शक डबी हीसुद्धा झीज दाखवणारी एक खूणच आहे. पातळी फार खाली गेली की वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा लागतो. हँडब्रेक ओढल्यावरही बऱ्याच गाड्यांत हाच दिवा लागतो. परंतु हँडब्रेक पूर्ण सोडूनही तो लागत असेल तर गाडी पुढे न नेता तपासावी, कारण ऑइल गळत असण्याचीही शक्यता असते.

चौथी पद्धत डोळ्यांची. बऱ्याच पॅडच्या मसाल्यात मधोमध एक खाच असते. खाच दिसेनाशी झाली की पॅड संपत आला असे समजावे. मोटारसायकलच्या डिस्क पॅडवरही बहुधा अशी खूण असते, तेव्हा दुचाकीवर माल पोहोचवणाऱ्या बांधवांनीही ती पाहावी.

इशारा कुठे मिळत नाही?

इशाऱ्यावर भरवसा ठेवावा, पण डोळे मिटून नव्हे. काही ठिकाणी गाडी काहीच बोलत नाही.

आवाजाची पट्टी बहुधा चाकाच्या दोन पॅडपैकी एकालाच असते. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजल्या किंवा कोरड्या पडल्या तर एक पॅड लवकर झिजतो आणि दुसरा जाडच राहतो. पट्टी जाड पॅडवर असेल तर ती गप्प बसते आणि दुसरीकडे लोखंड लोखंडाला भिडते. तारेचा सेन्सरही अनेक गाड्यांत पुढच्या दोन चाकांपैकी एकालाच असतो.

आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. ड्रमच्या आत पॅड नसून शू आणि त्यावरचे लायनर असतात आणि तिथे किंचाळणारी पट्टी नसते. ती झीज ड्रम उघडल्याशिवाय नीट कळत नाही. हँडब्रेक पूर्वीपेक्षा बराच वर ओढावा लागत असेल, तर ड्रम उघडून पाहण्याची वेळ आली असे समजावे.

स्वस्त नकली पॅडवर पट्टी नसते, किंवा असलीच तर कशीबशी ठोकलेली असते. कापडाच्या बाजारात आपण ताका हातात घेतल्याबरोबर त्याचा कस ओळखतो. पॅडचा कस मात्र हाताला कळत नाही, म्हणून तो नावाजलेल्या कंपनीचा, सीलबंद खोक्यातला आणि पक्क्या बिलावरच घ्यावा.

दुसरीकडे, प्रत्येक आवाज हा पॅड संपल्याचा आवाज नसतो. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर हलका गंज चढतो आणि सकाळी पहिले चार-सहा ब्रेक खरखरतात. तो आवाज लगेच गेला तर काळजीचे कारण नाही. डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकला तरी सतत आवाज येतो. परंतु रोज येणारी शिट्टी, किंवा शिट्टी जाऊन सुरू झालेली जड घरघर, यांना किरकोळ समजू नये. शिट्टी आली तर या आठवड्यात गॅरेज गाठावे. घरघर आली तर गाडी तिथेच उभी करून मेकॅनिकला बोलवावे.

इशारा बंद करू नका

यंत्रमागावर काम केलेल्या बांधवांना हे लवकर समजेल. बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबवणारा एक काटा असतो. माग सारखा थांबतो म्हणून कुणी तो काटाच निकामी केला, तर माग चालू राहील, पण कापड बिघडेल. चूक काट्याची नसते, धाग्याची असते.

ब्रेकच्या बाबतीतही हाच प्रकार चालतो. आवाज नको म्हणून पट्टी वाकवून किंवा कापून टाकतात. दिवा नको म्हणून सेन्सरच्या दोन तारा एकत्र जोडून देतात. लाल दिवा लागला की पॅड न पाहता डबीत ऑइल ओततात. दिवा जातो, मालक खूश होतो आणि झिजलेला पॅड तसाच राहतो. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलावा लागतो, तेव्हा हे जादा ऑइल डबीतून उतू जाते आणि गाडीचा रंगही खराब करते. सर्वांत घातक प्रकार म्हणजे आवाज बंद करण्यासाठी पॅडच्या मसाल्यावर किंवा डिस्कवर तेल-ग्रीस लावणे. असा ब्रेक ऐनवेळी पकडतच नाही.

पॅड उलटसुलट बसवण्याची गफलतही होते. पट्टी असलेला पॅड कंपनीने ठरवलेल्या जागी आणि ठरवलेल्या दिशेनेच बसला पाहिजे, नाहीतर नव्या पॅडची पट्टी त्याच्या अखेरपर्यंत मुकीच राहते.

देखभाल कशी करावी?

१) साधारण दर १०,००० किलोमीटरला, किंवा गाडी सर्व्हिसिंगला जाईल तेव्हा, चारही चाकांचे ब्रेक तपासून घ्यावेत. टायर फिरवण्यासाठी चाके निघतात, ती वेळ यासाठी उत्तम.

२) घरी पाहायचे असेल तर गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे, हँडब्रेक ओढावा आणि ब्रेक थंड होऊ द्यावेत. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून रिमच्या फटीतून टॉर्चने पाहावे. बाहेरचा पॅड सहज दिसतो, आतला दिसायला जरा कष्ट पडतात. आतला न पाहता समाधान मानू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही डोके घालू नये.

३) पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. फक्त उजवीकडचे किंवा फक्त डावीकडचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

४) पॅड बदलताना कॅलिपरच्या पिना साफ करून ब्रेकसाठीचेच ग्रीस लावून घ्यावे. डिस्कची जाडीही मोजून घ्यावी. किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो.

५) ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि ते कमी तापमानाला उकळू लागते. ताज्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर त्याची किमान मर्यादा १४० अंश धरली जाते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ अंश आहेत. कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, बहुतेक गाड्यांत सुमारे दोन वर्षांनी, ऑइल बदलावे.

६) नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवण्यापूर्वी ब्रेक पाच-सात वेळा दाबून पेडल घट्ट झाल्याची खात्री करावी. मागे ढकललेला पिस्टन पहिल्या दाबाला पॅडपर्यंत पोहोचत नाही आणि पेडल खाली जाते. गॅरेजच्या दारातच अपघात होण्याचे हे एक कारण आहे. त्यानंतर पहिले २००-३०० किलोमीटर गरज नसताना जोराचा ब्रेक मारू नये.

७) ज्या गाड्यांना बटणाचा हँडब्रेक आहे, त्यांच्या मागच्या पॅडचे काम ती पद्धत माहीत असलेल्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे. तो हँडब्रेक आधी दुरुस्तीच्या स्थितीत न्यावा लागतो.

गाडीची वही

आपण व्यापारी माणसे, हिशेब आपल्या हाडात आहे. गाडीचीही एक छोटी वही ठेवावी. प्रत्येक तपासणीला तारीख, किलोमीटर आणि पॅडची जाडी लिहावी. समजा नवा पॅड ११ मिलिमीटर होता आणि २०,००० किलोमीटरनंतर तो ७ उरला. म्हणजे ४ मिलिमीटर २०,००० किलोमीटरमध्ये गेले, अर्थात ५,००० किलोमीटरला एक. अजून ४ मिलिमीटर गेले की तो ३ वर येईल. म्हणजे पुढच्या २०,००० किलोमीटरच्या आत पॅड बदलायचे आहेत, हे आजच कळले. पैशाची तजवीज करायला सवड मिळाली आणि ऐन सीझनमध्ये गाडी बंद पडण्याची वेळ टळली. एका चाकाचा आकडा इतरांपेक्षा वेगाने घसरत असेल तर तिथे कॅलिपर अडकला आहे, हेही वहीच सांगेल.

घाट आणि भार

पॅडचे आयुष्य किलोमीटरपेक्षा वापरावर जास्त अवलंबून असते. वेग दुप्पट झाला की थांबवताना निर्माण होणारी उष्णता चौपट होते. भार वाढला की त्याच प्रमाणात उष्णताही वाढते. घाट उतरताना तर वेग न वाढवताही ब्रेकवर काम पडते. माणसे आणि मालासह १,४०० किलो वजनाची गाडी ३०० मीटर खाली उतरली, तर तिच्या वजनातून मोकळी होणारी ऊर्जा सुमारे १२ लिटर थंड पाणी उकळीला आणण्याइतकी असते. ही सारी ऊर्जा एकट्या पॅडवर टाकली तर पॅड आणि ऑइल तापतात, पेडल मऊ पडते आणि ब्रेक धरेनासा होतो. पॅड आधीच झिजलेला असेल तर उष्णता पिस्टन आणि ऑइलपर्यंत लवकर पोहोचते.

२०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा सुरू झाला आणि बऱ्याच गाड्या बोगद्याने जाऊ लागल्या. तरीही जुन्या महामार्गाने कसारा घाट उतरणारे, तसेच खंबाटकी, आंबा आणि कुंभार्ली घाटांतून जाणारे बांधव पुष्कळ आहेत. त्यांनी एक नियम पाळावा. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून इंजिनला गाडी अडवू द्यावी. ब्रेक सतत दाबून न धरता ठामपणे दाबून सोडावा. उतारावर गाडी न्यूट्रल करणारा चालक चार थेंब पेट्रोलसाठी सारा भार पॅडवर टाकत असतो.

इशारा कुणाच्या कानापर्यंत पोहोचतो?

आता मुद्द्याची गोष्ट. गाडीचा इशारा ऐकतो चालक, खर्चाचा निर्णय घेतो मालक आणि काम करतो मेकॅनिक. या तिघांच्या मधे कुठेतरी इशारा हरवतो आणि नुकसान होते.

अनेक मालक स्वतः गाडी चालवत नाहीत. चालकाने 'शेठ, ब्रेकमधून आवाज येतोय' म्हटले की उत्तर मिळते, 'ईदनंतर बघू' किंवा 'गेल्या महिन्यातच तर खर्च केला'. दोनदा असे ऐकल्यावर चालक तिसऱ्यांदा बोलत नाही. मग तो टेपचा आवाज वाढवतो. मालकाने ही सवय मोडली पाहिजे. ब्रेकची तक्रार घेऊन येणाऱ्या चालकाला रागावू नये, उलट शाबासकी द्यावी. ब्रेकच्या कामासाठी परवानगीची वाट न पाहता गाडी उभी करण्याची मुभा त्याला असावी. तो आपल्या रोजीसाठी आपला माल वाहतो. त्याचा जीव, त्याच्या मुलांचा आधार आणि रस्त्यावरून चालणारी परकी माणसे, ही सारी आपल्याकडे अमानत आहे.

मेकॅनिकची बाजूही तितकीच महत्त्वाची. गॅरेजच्या धंद्यात आपले कितीतरी तरुण आहेत आणि त्यांच्या हातातल्या कसबाला चांगले नाव आहे. हे नाव टिकवायचे असेल तर काढलेले जुने पॅड ग्राहकाला दाखवावेत, नव्याचे खोके आणि बिल त्याच्या हाती द्यावे. चालण्यासारखा पॅड असेल तर 'अजून चालेल' असे स्पष्ट सांगावे. ग्राहकाने पट्टी कापायला किंवा दिवा नुसता बंद करायला सांगितले तर नकार द्यावा. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या आणि तो वर का ठेवला नाहीस असे विचारणाऱ्या प्रेषितांची (स.) हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. चाकाच्या आत लपलेला पॅड हा त्या ढिगातल्या ओल्या धान्यासारखाच आहे. ग्राहकाला तो दिसत नाही, मेकॅनिकला दिसतो. तो दाखवून देणे ही ईमानदारी आहे आणि बरकतही त्यातच आहे. मेकॅनिक बांधवांनी स्वतःचीही हिफाजत करावी. ब्रेकची धूळ हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी आणि तोंडावर मास्क बांधावा. जुन्या पॅडमध्ये आणि लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे, ते छातीत जाणे फार घातक असते.

काही जण म्हणतात, 'मौत लिहिलेली असेल तेव्हाच येणार, पॅड बघून काय होणार?' उंट बांधावा की अल्लाहवर भरवसा ठेवून मोकळा सोडावा, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला फार पूर्वी मिळाले आहे. आधी बांधावा, मग भरवसा ठेवावा. प्रवासाला निघताना दुआ जरूर पढावी आणि ज्या पॅडवर गाडी थांबणार आहे तो आदल्या दिवशी पाहून घ्यावा.

पावसाळ्यापूर्वी, रमजानच्या खरेदीच्या धावपळीपूर्वी आणि लग्नसराईच्या फेऱ्यांपूर्वी, वर्षातून निदान या तीन वेळा चाके उघडून घ्या. चालकाला आजच विचारा, 'गाडी काही बोलते का?' अल्लाह आपल्या सर्वांच्या प्रवासाची हिफाजत करो आणि रोजीत बरकत देवो. आमीन.